बारा तासांत दिवसभराचे ठोके

मिनिटाला सत्तर ठोके धरले, तर माणसाचं हृदय चोवीस तासांत १,००,८०० वेळा धडकतं. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही शर्यत पुरी करायला बारा तासांची मुदत असते. मागच्या फळीतल्या रनरची नाडी त्या बारा तासांत सरासरी १४० धरा आणि पुन्हा गुणाकार करा. उत्तर तेच येतं, १,००,८००. दिवसभराचं काम अर्ध्या दिवसात, तेही उन्हातान्हात, चढ-उतारांवर.

हा हिशेब मी आमच्या मामांना उत्साहाने सांगितला आणि फसलो. मामांचं जुनं म्हणणं असं की देवाने माणसाला ठोके मोजून दिलेले असतात. "म्हणजे तू अर्ध्या दिवसात पन्नास हजार उधळणार," ते म्हणाले. मग मी उलटा हिशेब मांडला. मामांची बसल्या जागी नाडी सत्तर. वर्षानुवर्षं पळणाऱ्याची पन्नासच्या आसपास असते. म्हणजे एरवी रोजचे २८,८०० ठोके वाचतात आणि शर्यतीच्या दिवशी जास्तीचे गेले ५०,४००. दोन दिवसांच्या आत वसूल. मामा गप्प झाले, पण पटलं नाही हे दिसत होतं. खरं तर ठोके मोजून वगैरे दिलेले नसतात, त्यामुळे त्यांचा हिशेब जितका पोकळ तितकाच माझाही. पण हिशेबामागची त्यांची भीती पोकळ नाही. इतकं पळून काळजाला काही होत नसेल का, हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञही शंभर-सव्वाशे वर्षं विचारत आलेत.

कॉम्रेड्सचं नाव घेतलं, कारण आपल्याकडच्या रनर मंडळींत त्या शर्यतीला आता पंढरीच्या वारीसारखं स्थान आहे. पहिली कॉम्रेड्स २४ मे १९२१ रोजी झाली. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी व्हिक क्लॅपहॅम या माजी सैनिकाने ती सुरू केली, धावले ३४ जण. डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन शहरांमधलं अंतर ८५ ते ९० किलोमीटर, दिशा बहुधा आलटून पालटून, कधी चढती तर कधी उतरती. (पीटरमॅरित्झबर्ग म्हणजे तेच, जिथे १८९३ साली गांधीजींना गाडीतून खाली उतरवलं. ते डर्बनहूनच निघाले होते.) हल्ली भारतातून शेकड्याने लोक तिथे जातात. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूरची माणसं भरपूर, आणि बरेच जण पस्तिशी-चाळिशीनंतर बूट घातलेले. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"पळून हृदयाला काय होतं" या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. शर्यतीच्या दिवशी काय होतं? वीस-तीस वर्षं पळून काय होतं? आणि पळताना जे दगावतात ते कशाने? व्हॉट्सअ‍ॅपवर या तिघांची खिचडी होते आणि मग एक गट म्हणतो रनिंग म्हणजे अमृत, दुसरा म्हणतो विष.

मोठं झालेलं हृदय

बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. जोरात पळताना सामान्य माणसाचं वीस लिटरच्या आसपास जातं, तर जागतिक दर्जाच्या धावपटूचं तीस-पस्तीसपर्यंत. एवढा फरक नुसती नाडी वाढवून साधत नाही, कारण नाडीला वयाप्रमाणे वरची मर्यादा आहे. फरक पडतो तो एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडतं यात. म्हणून वर्षानुवर्षांच्या सरावाने हृदयाचे कप्पे मोठे होतात, भिंती थोड्या जाड होतात आणि प्रत्येक ठोका भरदार होतो. तेवढ्याच रक्तासाठी मग कमी ठोके पुरतात. रनरची नाडी पन्नासवर येते त्याचं हे एक कारण. मेंदूकडून येणारा 'सावकाश चाल' हा संदेशही सरावाने बळावतो.

ही गोष्ट १८९९ मध्ये स्वीडनच्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी हेरली. बर्फावर घसरपट्ट्या लावून लांब पल्ल्याच्या शर्यती करणाऱ्यांच्या छातीवर त्यांनी बोटांनी ठोकून पाहिलं. आपण कलिंगड वाजवून बघतो, साधारण तसंच. आवाजाच्या फरकावरून हृदयाची कड कुठवर आहे ते कळतं. स्कीपटूंची हृदयं मोठी निघाली. हेन्शेन यांचा निष्कर्ष असा की हे मोठेपण गुणाचं आहे, अशीच हृदयं शर्यती जिंकतात. पुढच्या पिढीतल्या बऱ्याच डॉक्टरांना ते पटलं नाही. मोठं हृदय म्हणजे थकलेलं, ढिलं पडलेलं हृदय, असंच त्यांनी दवाखान्यात पाहिलं होतं.

त्या गोंधळात सापडला क्लॅरेन्स डिमार. अमेरिकेतला छापखान्यात काम करणारा माणूस. तरुणपणीच डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सांगितलं, हृदयात मर्मर (ठोक्यांमधला जास्तीचा आवाज) ऐकू येतेय, पळणं सोड. त्याने १९११ ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकली. नंतर बरीच वर्षं तो मोठ्या शर्यतींपासून लांबच राहिला आणि परत येऊन आणखी सहा वेळा जिंकला, शेवटची १९३० मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. साठी उलटल्यावरही पळत होता. १९५८ मध्ये कर्करोगाने गेला, तेव्हा त्याचं शवविच्छेदन झालं आणि त्यावरचा निबंध लिहिणाऱ्यांत पॉल डडली व्हाइट होते, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर उपचार करणारे हृदयरोगतज्ज्ञ. डिमारच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या सामान्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या. त्यांत चरबीचा थर अजिबात नव्हता असं नाही, होता. पण बोळ इतका ऐसपैस की दोन्ही बाजूंना सामान रचलं तरी बैलगाडी जावी.

आता सावधगिरीची गोष्ट. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक आजारही असतो. त्यात भिंत आतल्या बाजूने जाडावते, कप्पा लहान होतो आणि स्नायूचे धागे विस्कटलेले असतात. तरुण खेळाडू मैदानात अचानक कोसळतात त्यामागे पुष्कळदा हा किंवा याच्या जातकुळीतला आजार असतो. सरावाने कमावलेलं जाडपण आणि आजाराचं जाडपण टूडी इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) कधी कधी इतकं सारखं दिसतं की डॉक्टर सरळ सांगतात, तीन महिने पळणं बंद करा आणि परत या. कमावलेलं असेल तर ते उतरतं. आजाराचं तसंच राहतं. रनरला ही तीन महिन्यांची शिक्षा जन्मठेपेसारखी वाटते, पण त्याहून सोपी चाचणी नाही.

शर्यतीच्या दिवशी

पहिले दोन-तीन तास बहुतेक सगळं सुरळीत असतं. मग घड्याळात एक गंमत दिसू लागते. पेस (पळण्याचा वेग) तोच, रस्ता सपाट, तरी नाडी १३५ वरून १४५, मग १५० वर सरकत जाते. घामावाटे पाणी गेल्याने रक्तातला पातळ भाग कमी होतो. शरीर थंड ठेवायला बरंच रक्त कातडीकडे वळवावं लागतं. हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, ठोका हलका पडतो आणि ती तूट हृदय जास्त ठोके मारून भरून काढतं. मुंबईच्या दमट हवेत हे लवकर सुरू होतं, कारण घाम निथळतो पण वाळत नाही. अशा वेळी घड्याळातल्या पेसशी इमान राखणारे फसतात. नाडीकडे बघून वेग कमी करणारे पोहोचतात.

खरा ताण कुठे पडतो, तर उजवीकडे. हे थोडं सावकाश समजून घेण्यासारखं आहे.

हृदय म्हणजे एका जागी बसवलेल्या दोन मोटारी. डावी सगळ्या अंगभर रक्त पाठवते, विहिरीतून माळावरच्या टाकीपर्यंत पाणी चढवणारी मोटार समजा. उजवीचं काम शेजारच्या हौदात पाणी सोडायचं, म्हणजे फुप्फुसांत. तिथे विरोध कमी, म्हणून उजव्या कप्प्याची भिंत पातळ, डावीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची. रोजच्या जगण्याला तेवढी पुरते. पण पळताना दोन्ही मोटारींना एकाच वेळी तेवढंच रक्त ढकलावं लागतं. डावीकडच्या वाटा व्यायामात मोकळ्या होतात, सैलावतात, त्यामुळे तिच्यावरचा भार त्या मानाने फार वाढत नाही. फुप्फुसांतल्या वाटा आधीच मोकळ्या असतात, आणखी किती सैलावणार? तिथला दाब चढतो. जणू शेजारचा हौदच कुणी उचलून माळावर नेऊन ठेवला, आणि मोटार मात्र तीच जुनी, लहान.

ऑस्ट्रेलियातल्या आंद्रे ला गर्श या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस कसलेल्या खेळाडूंना मॅरेथॉन, ट्रायथलॉन अशा लांब शर्यतींच्या आधी आणि लगेच नंतर तपासलं. शर्यत संपल्यावर डावा कप्पा जवळजवळ पूर्वीसारखाच चालत होता. उजवा मात्र फुगलेला आणि मंदावलेला. शर्यत जितकी लांब तितका जास्त. आठवडाभराने बहुतेकांचा उजवा कप्पा पूर्वपदावर आला होता. मात्र पाच जणांच्या एमआरआयमध्ये दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर बारीक वणासारख्या खुणा दिसल्या आणि हे पाच जण सरासरीने इतरांपेक्षा जास्त वर्षं शर्यतीत असलेले होते. चाळीसमधले पाच, एवढ्यावर घाबरायचं कारण नाही. पण वर्षातून चार अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब शर्यती) मारणारे आणि दोन शर्यतींत तीन आठवड्यांचं अंतर ठेवणारे भेटले की मला हा उजवा कप्पा आठवतो.

त्याच दिवशी रक्त तपासलं तर आणखी एक दचकवणारी गोष्ट दिसते, ट्रोपोनिन. हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. हार्ट अटॅक आला की स्नायूच्या पेशी मरतात आणि ते रक्तात उतरतं, म्हणून छातीत दुखत आलेल्या माणसाची ही तपासणी लगेच होते. मॅरेथॉन संपवलेल्या धडधाकट रनरांपैकी बहुतेकांचं ट्रोपोनिन वाढलेलं निघतं, काहींचं तर अटॅकच्या रेषेपलीकडे. फरक आलेखात आहे. अटॅकमध्ये ते चढत जातं आणि कित्येक दिवस टिकतं. रनरमध्ये काही तासांत चढतं आणि एक-तीन दिवसांत उतरतं. बहुधा पेशी मरत नाहीत, ताणाने त्यांच्या आवरणातून थोडं पाझरतं. शर्यतीनंतर दवाखान्यात जायची वेळ आली तर "मी आज ४२ किलोमीटर पळालोय" हे पहिलं वाक्य असू द्या. मात्र छातीत दुखत असेल तर "ते रनिंगचं ट्रोपोनिन असेल" असं स्वतःच ठरवून घरी जाऊ नका.

फिनिश लाइन ओलांडून दोन पावलांवर माणूस मटकन खाली बसतो, ते दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बघणाऱ्याच्या मनात लगेच हृदय येतं. बहुतेक वेळा ते पोटऱ्यांचं काम असतं. पळताना पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला पिळले जातात आणि पायांतलं रक्त वर ढकलतात. पाय थांबले की ही मदत बंद, रक्त पायांत साचतं, रक्तदाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी. आडवं करून पाय वर धरले की दहा मिनिटांत माणूस चहा मागतो. म्हणूनच रेषा ओलांडल्यावर फोटोसाठी ताठ उभं राहू नका, चालत राहा. आयोजकांच्या वैद्यकीय तंबूत याची एक ढोबळ खूण वापरतात. रेषेनंतर कोसळला तर बहुधा रक्तदाब. रेषेच्या आधी, पळता पळता कोसळला तर हृदय किंवा उष्माघात, तिथे धावायचं.

पाण्याबद्दलही एक वाक्य, विषय हृदयाचा नसला तरी. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ रनरांचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं आणि त्याचं मुख्य कारण होतं वाटेत गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. प्रत्येक टेबलावर 'पी, पी' असा आग्रह करणाऱ्या स्वयंसेवकांचा हेतू चांगला असतो. पण तहान लागली की प्यावं, हेच खरं.

वीस-तीस वर्षांनंतर

स्वीडनमध्ये वासालोपेट नावाची ९० किलोमीटरची स्की शर्यत आहे, कॉम्रेड्सची बर्फातली बहीणच म्हणा. स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाची वैद्यकीय नोंद नीट ठेवलेली असते, त्यामुळे १९८९ ते १९९८ या काळात ही शर्यत पुरी केलेल्या ५२,७५५ लोकांचं पुढे काय झालं ते अभ्यासकांना तपासता आलं. ज्यांनी ती पाच किंवा जास्त वेळा पुरी केली, त्यांना एकदाच केलेल्यांपेक्षा हृदयाची लय बिघडण्याचा धोका साधारण ३० टक्क्यांनी जास्त निघाला. त्यातही मुख्य आजार एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. छातीत पाखरू फडफडल्यासारखं वाटतं, पेस उगाचच पडतो, कधी काहीच वाटत नाही. वर्षानुवर्षं भरपूर रक्त सामावून वरचे कप्पे ताणले जातात, त्यांच्या भिंतीत बारीक वण पडतात, आणि हृदयाला चालवणारा विजेचा प्रवाह सरळ वाटेने न जाता आडवाटांनी फिरू लागतो. हा धोका मुख्यतः पुरुषांमध्ये दिसतो. तो खरा आहे, आणि रनिंगच्या प्रेमात असलेल्यांनी तो नाकारू नये. बेताचा व्यायाम या आजाराचा धोका कमी करतो, हेही तितकंच खरं. म्हणजे रेघ आधी खाली उतरते आणि फार पुढे गेल्यावर थोडी वर चढते.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. बरीच वर्षं मॅरेथॉन पळणाऱ्या पन्नाशीपुढच्या पुरुषांचा सीटी स्कॅन केला तर धमन्यांत कॅल्शियमचा थर अपेक्षेपेक्षा जास्त सापडतो. जर्मनीतल्या अभ्यासात १०८ रनरांमध्ये हे २००८ साली दिसलं आणि नंतर इतर ठिकाणीही. डिमारच्या भक्तांना हा धक्का होता. पण थर आणि थर यांत फरक आहे. मऊ, चरबीने भरलेला थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि अटॅक येतो. कॅल्शियमने घट्ट झालेला थर वाळलेल्या सिमेंटसारखा, सहसा जागचा हलत नाही. ब्रिटनमधल्या एका पाहणीत रनरांच्या धमन्यांतले थर बहुतेक घट्ट जातीचे निघाले. नंतर बेल्जियमच्या संशोधकांना मात्र आयुष्यभर खेळणाऱ्यांत मऊ थरही दिसले. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत कॅल्शियम जास्त असलेले पण भरपूर व्यायाम करणारे लोक, तेवढंच कॅल्शियम असलेल्या इतरांपेक्षा जास्त संख्येने मेले नाहीत. माझं मत विचाराल तर रनरच्या स्कॅनवरचा आकडा बघून झोप उडू देऊ नये आणि 'मी रनर आहे, माझं कॅल्शियम चांगलं कॅल्शियम' म्हणून कोलेस्टेरॉलची गोळीही फेकून देऊ नये.

मग जास्त पळणारे लवकर मरतात का? २०१५ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'हो' असं सांगितलं होतं. कोपनहेगनच्या एका दीर्घ अभ्यासात असं निघालं की आठवड्याला एक ते अडीच तास सावकाश पळणारे सर्वांत जास्त जगतात, आणि खूप जोरात, खूप जास्त पळणाऱ्यांचा मृत्युदर घरी बसणाऱ्यांइतकाच. मथळे झळकले. मामांनीही मला कात्रण पाठवलं. मूळ निबंध उघडून बघितला तर त्या 'खूप जास्त' गटात माणसं किती? छत्तीस. आणि त्यांतले वारले किती? दोन. छत्तीसांतले दोन जण कशाने गेले हेही त्या आकड्यातून कळत नाही. एकाचा अपघात झाला असता तरी निष्कर्ष बदलला असता. गावात दोन घरं पाहून जनगणना करण्यासारखं झालं हे.

उलट बाजूचे आकडे मोठे आहेत. १९४७ नंतर टूर द फ्रान्समध्ये सायकल चालवलेल्या ७८६ फ्रेंच सायकलपटूंचा मृत्युदर त्यांच्या वयाच्या इतर फ्रेंच पुरुषांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी निघाला. चार मिनिटांच्या आत मैल पळणारे जगातले पहिले दोनशे जणही अपेक्षेपेक्षा सरासरी पावणेपाच वर्षं जास्त जगले. अर्थात हे लोक मुळातच दणकट हाडाचे, घरातून चांगली हृदयं घेऊन आलेले. त्यांचं आयुष्य बघून ऑफिसात बसणाऱ्या, चाळिशीत बूट घेतलेल्या माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

दगावतात ते कशाने

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका पॅथॉलॉजिस्टने जाहीर केलं होतं की मॅरेथॉन पुरी करणाऱ्याला धमन्यांच्या आजारापासून जवळजवळ अभय मिळतं. ते फार लोकप्रिय झालं. १९७९ मध्ये केपटाउनच्या टिम नोक्स यांनी, जे स्वतः कॉम्रेड्स पळालेले डॉक्टर, अशा रनरांची शवविच्छेदनं छापून दाखवली ज्यांच्या धमन्या थराने भरलेल्या होत्या. तरी अभयाची कल्पना तग धरून राहिली, १९८४ पर्यंत. त्या वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकेत जॉगिंगची लाट आणणारे लेखक जिम फिक्स रोजच्यासारखे पळायला गेले आणि रस्त्याच्या कडेला मृत सापडले. वय ५२. एक धमनी ९५ टक्के बंद होती, इतरही अरुंद झालेल्या. पण कहाणी रनिंगपासून सुरूच होत नाही. फिक्स यांच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी अटॅक आला होता, ते त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. स्वतः फिक्स पस्तिशीपर्यंत जाडजूड होते आणि दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढायचे. रनिंगने त्यांना वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त दिली असंही म्हणता येतं. पण रनिंगने धमन्या धुऊन निघतील हा त्यांचा भरवसा चुकीचा होता.

सर्वांत मोठी मोजणी अमेरिकेतली. २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन पळालेल्या १ कोटी ९ लाख लोकांत ५९ जणांचं हृदय शर्यतीदरम्यान किंवा लगेच नंतर थांबलं. म्हणजे साधारण पावणेदोन लाखांत एक. मॅरेथॉनमध्ये हाफपेक्षा जास्त, पुरुषांत बायकांपेक्षा खूप जास्त आणि बहुतेक घटना शेवटच्या टप्प्यात. ५९ पैकी ४२ दगावले. पुढची मोजणी २०२३ पर्यंतची. हृदय थांबण्याचं प्रमाण जवळजवळ तेवढंच राहिलं, मरणाऱ्यांचं मात्र निम्म्यावर आलं. याचं श्रेय धावणाऱ्यांच्या फिटनेसला नाही. आसपासच्या लोकांनी छाती दाबायला लगेच सुरुवात केली आणि शॉक देणारं यंत्र जवळ होतं, याला आहे. दुसऱ्या मोजणीत कारणांत पहिला नंबर धमन्यांच्या आजाराचा होता. बहुतेकांना मारतो तो आधीपासून असलेला आजार. अंतर त्याला उघडा पाडतं, एवढंच.

आणि इथे तो चाळिशीत बूट घेतलेला माणूस परत येतो. ५२ देशांत झालेल्या एका अभ्यासात पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय आपल्या भागात, म्हणजे भारत आणि शेजारच्या देशांत, ५३ निघालं आणि इतर ठिकाणी ५९ च्या आसपास. आपल्याला हा आजार सहा वर्षं आधी गाठतो. त्यात वीस वर्षं खुर्चीत बसून, कधी तंबाखूची साथ, कधी शुगर, आणि मग दोन वर्षांत थेट अल्ट्राचं स्वप्न. पाय दोन वर्षांत तयार होतात. धमन्यांत जे आधी साचलंय ते दोन वर्षांत जात नाही.

मोठं अंतर मनात असेल तर निदान रक्तदाब, शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी एवढं बघून घ्यावं आणि घरात कुणाला लवकर अटॅक आला होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) करतात ते चांगलंच, पण 'टीएमटी नॉर्मल' याला परवाना समजू नका. ट्रेडमिलवर रक्त अडवण्याइतका मोठा अडथळा कळतो. फुटू शकणारा लहान मऊ थर तिला दिसत नाही. त्यामुळे चाचणीपेक्षा रस्त्यावर शरीर काय सांगतं ते महत्त्वाचं. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना छातीवर, जबड्यात किंवा हातात आवळल्यासारखं होतं आणि थांबलं की जातं, ही अ‍ॅसिडिटी नव्हे. पळता पळता, थांबल्यावर नव्हे, चक्कर येऊन पडलात तर पुढचा लाँग रन रद्द आणि आधी डॉक्टर. ताप असताना पळू नका. काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात आणि सुजलेल्या हृदयाला अशा वेळी पळवणं फार महागात पडू शकतं. बिब (शर्यतीचा छातीवरचा नंबर) मिळालाय, तिकिटं काढलीत, ही कारणं हृदयाला समजत नाहीत.

आणि वाटेत तुमच्या पुढचा रनर कोसळला, हलवलं तरी हलत नाही, नीट श्वास घेत नाही, तर तोंडात पाणी ओतू नका, कांदा आणि चप्पल हुंगवायला कुणी आलं तर त्याला बाजूला करा. एकाला १०८ लावायला सांगा, दुसऱ्याला शॉकचं यंत्र शोधायला पिटाळा. तुम्ही छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवा आणि जोरात दाबा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमलात तर दुसऱ्याला द्या, पण मदत येईपर्यंत मोजणी थांबू देऊ नका. हे आपल्या हातांनी दिलेले ठोके कुणाच्या खात्यातून वजा होतात, ते मामांना विचारायचं राहिलंय.